चारनंतरचे कोरे रकाने

२०१४ साली श्रीकृष्णदादा यवतमाळच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते. मी तिथलीच नर्स, त्यांची धाकटी बहीण.

सकाळी अकराला त्यांचा तक्ता पाहिला. नाडीचे आकडे दुपारी चारपर्यंत भरलेले, उतरत जाणारे. चारचा आकडा वीस. पुढचे रकाने कोरे.

ड्यूटीवरच्या ज्युनिअर नर्सला मी खडसावलं, "काय वं प्राची, माझ्या भावाचं मरण आधीच लिहून ठेवलं? लाज नाही वाटत?"

"सिस्टर, अक्षर तर तुमचंच आहे."

माझंच होतं.

बाराला नाडी लिहिल्याप्रमाणेच भरली. एकला, दोनला, तीनलाही.

चार वाजायच्या आत संतापाने मी वीसवर काट मारली आणि उरलेल्या प्रत्येक रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिलं.

पुढे प्राचीने नोकरी सोडली. वणीत शिकवण्या घेते. मी निवृत्त झाले. दादा पुसदला ठणठणीत आहेत. जिना चढोत की झोपोत, त्यांची नाडी चौऱ्याऐंशीच.