आधी मोटार

बहिणीचा फोन आला तेव्हा गिरणीवाला चक्कीच्या मोटारीला दोरखंडाची गाठ मारत होता. बहीण नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावात दिलेली. तिकडे कोसळायला लागलं की पुराची पहिली वर्दी याच घरात यायची.

"थांबला रे बाबा एकदाचा," ती म्हणाली. "सकाळपासून नुसता ओतत होता. पण यंदा आमच्याकडे चिखल नाही की डबकं नाही. अख्खा डोंगर सिमेंटचा झालाय, गटारंही ही मोठाली. पाऊस थांबला नि रस्ते कोरडे!"

"मजा आहे ताई तुमची," म्हणत त्यानं फोन ठेवला आणि छताच्या कप्पीची साखळी ओढायला घेतली. कप्पी कुरकुरली. मोटार रडतखडत छताच्या तुळईकडे निघाली.

घराची रीत ठरलेली होती. डोंगरात पाऊस थांबला की इथे पाणी चढायला दिवस मावळायचा. तोवर आधी मोटार वर टांगायची, मग धान्याची पोती टेकावरच्या शाळेत हलवायची आणि सगळ्यात शेवटी म्हाताऱ्या बापाला न्यायचं. ही रीत म्हाताऱ्यानंच घालून दिलेली. अर्धं अंग लुळं पडल्यावरही त्यानं ती बदलू दिली नाही. "मोटार गेली तर खाल काय, माती? माझं काय, उचललं की झालं," असं तो आतल्या खोलीतून, खाटेवरून सुनावायचा. शाळेच्या गार फरशीवर कमी वेळ बसावं लागतं, हेही त्यात होतंच.

सून पोत्याचं तोंड शिवत होती. तिचा हात थांबला.

"अहो, मग ते पाणी गेलं कुठे?"

"कुठलं?"

"वन्संच्या गावातलं. पूर्वी दोन-दोन दिवस गवतात, खाचरात मुरत राहायचं म्हणायच्या. आता रस्ते कोरडे. मग गेलं कुठे?"

"गटारात गेलं. आणखी कुठे जाणार?"

"आणि गटार कुठे जातं?"

"नदीत," म्हणत गिरणीवाला दारापाशी गेला. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या न्हाव्यानं दुकानाबाहेर टॉवेल वाळत घातले होते.

"बाबांना आधी नेऊ या का?" त्यानं हळूच विचारलं. हळू बोलून काही उपयोग झाला नाही. म्हाताऱ्याचे कान शाबूत होते.

"पोती!" आतून आवाज आला. "ऊन तरी बघा जरा. वेळ आहे अजून. पोती न्या आधी!"

बापाचा शब्द मोडायची त्या घरात सवय नव्हती. दोघांनी पोतं उचललं आणि उंबऱ्यापर्यंत आणलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी किंचाळलं. पाणी चढत आलं नाही, धावत आलं. टॉवेल दोरीसकट गेले. पोतं टाकून दोघं आत पळाली, तर खाटेपाशी पोचेपर्यंत पाणी मांड्यांना लागलं होतं. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन गिरणीवाला परत पुढच्या, गिरणीच्या खोलीत आला आणि दाराकडे बघून जागीच उभा राहिला. गल्लीतून एक हातगाडी उलटीपालटी होत गेली. त्या ओढीत पाय टेकणं शक्य नव्हतं.

मग त्यानं वर पाहिलं. कप्पी एकच होती आणि तिला मोटार लटकत होती.

म्हाताऱ्याला पाठीवरूनच कळलं. "खबरदार! तिला हात लावायचा नाही."

गिरणीवाल्यानं जन्मात पहिल्यांदा बापाचं ऐकलं नाही. बापाला बायकोपाशी देऊन तो चक्कीवर चढला आणि पोती कापायच्या सुरीनं त्यानं दोरखंड कापला. मोटार धप्पकन पाण्यात गेली आणि म्हातारा घरातलं माणूस गेल्यासारखा रडायला लागला. तो रडत असतानाच दोघांनी त्याला ताडपत्रीत गुंडाळलं, बांधलं, कप्पीचा आकडा खाली घेऊन त्यात अडकवलं आणि साखळी ओढली.

म्हातारा पत्र्याला टेकला. खाली ती दोघं चक्कीवर चढून उभी होती, तरी पाणी सुनेच्या छातीला आलं होतं. चढायला आता आणखी काही उरलं नव्हतं. गिरणीवाल्यानं एका हातानं साखळी धरली होती, दुसऱ्या हातानं बायकोला.

वर म्हाताऱ्याचं रडणं थांबलं. ताडपत्री हलली. तिच्यातून त्याचा चालता हात बाहेर आला आणि खाली लोंबला.

"सूनबाई, धर," तो म्हणाला. "मी ओढतो तुला."