एकदाच विचारलंस

"अरे, चालत कुठे निघालास? स्टेशनसमोरच बस उभी असते!" संजीवनीबाई मोबाइलवर ओरडल्या.

पडद्यावर त्यांचा मुलगा वरुण थबकला. तो होता पोर्तुगालमध्ये, सिंत्रा गावात, टेकडीवरच्या लाल-पिवळ्या राजवाड्याची वाट शोधत. आणि त्याला वाट दाखवणारी त्याची आई होती सिंगापूरला, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये, हातात उलथनं घेऊन गॅसपाशी उभी. गंमत म्हणजे बस खरंच समोर होती.

वरुण आणि सून अनघा यांनी एका पोर्तुगीज जोडप्याशी सुट्टीपुरती घरांची अदलाबदल केली होती. हे दोघं त्यांच्या लिस्बनच्या घरात, ते दोघं क्लेमेंटीत. घराबरोबर आईपण असेल, हे वरुणने आधीच कळवलं होतं. पाहुण्यांची हरकत नव्हती. पाहुण्या तेरेझाबाईंना तर संजीवनीबाई इतक्या आवडल्या, की नवऱ्याला एकट्यालाच बोटॅनिक गार्डनला पिटाळून त्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसायच्या.

पण संजीवनीबाई मनातून खट्टू होत्या. पोर्तुगालचा ध्यास घरात सगळ्यांत आधी त्यांनीच घेतलेला. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी सिंगापूरला आल्या, इथल्याच झाल्या, युरोपला व्हिसाही लागत नाही असा सिंगापूरचा लाल पासपोर्टही मिळाला. पण त्या पासपोर्टवर पुणं सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. लिस्बनच्या पिवळ्या ट्राम, पोर्तोचा उंच पूल, निळ्या चित्रांच्या फरशा, सगळं यूट्यूबवर पाहून पाहून पाठ झालं होतं. मग एके दिवशी अनघाने विचारलं, "आई, येता का आमच्याबरोबर?"

आणि बाईंच्या तोंडून गेलं, "नको गं, मी कशाला? तुम्हीच जा दोघं."

आता आपल्याकडचं पहिलं 'नको' म्हणजे काय नको असतं होय? ते म्हणायचंच असतं. समोरच्याने "असं कसं, चलाच" म्हणायचं. आपण गुडघ्यांची सबब सांगायची. त्याने ती उडवून लावायची. मग कुठे आपण "बरं बाई, एवढं म्हणतेस तर..." करत तयार व्हायचं. अनघा पडली सिंगापुरात वाढलेली. ती "ओके आई" म्हणाली आणि दोन तिकिटं काढून मोकळी झाली. संजीवनीबाई बिचाऱ्या दुसऱ्या वेळेची वाट बघत बसल्या. विमान उडालं तरी बघतच होत्या.

"नो, नो, प्लीज!" इकडे स्वयंपाकघरात तेरेझाबाईंनी दोन्ही हात ताटलीवर आडवे धरले. संजीवनीबाईंनी हातांच्या फटीतून तिसरं थालीपीठ सरकवलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. "खा हो, एवढंसं तर आहे!"

तेरेझाबाई हसत मोबाइलपाशी वाकल्या. पडद्यावर आता वरुणशेजारी अनघाही होती. "अनघा, तुझ्या सासूबाईंना माझ्या देशातल्या बससुद्धा माहीत आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांना का नाही आणलंस?"

"मी विचारलं होतं," अनघा म्हणाली. "त्याच नको म्हणाल्या."

"एकदाच विचारलंस!"

संजीवनीबाईंच्या तोंडून निसटलंच. पाठोपाठ डोळ्यांत पाणी. शी! या वयात सहलीसाठी रडायचं म्हणजे काय! पण रडू आलं खरं.

पलीकडून अनघा हळूच म्हणाली, "आई, लग्न होऊन आले तेव्हा मी रोज जेवताना सांगायचे, पोट भरलं, नको. तुम्ही रोज वाढायचात. मी खोलीत जाऊन ओवा चावत बसायचे. तेव्हाच ठरवलं, या घरात निदान मी तरी समोरच्याचं 'नको' ऐकेन. मला वाटलं, मी तुमचा मान ठेवतेय."

संजीवनीबाईंनी तेरेझाबाईंच्या ताटलीकडे पाहिलं. तिसरं थालीपीठ गुपचूप उचललं आणि आपल्या ताटलीत घेतलं. तेरेझाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आमचा अजून एक आठवडा आहे," अनघा म्हणाली. "पोर्तो अजून बघायचंय. उद्याच्या विमानाने या ना. येता?"

जिभेवर आलेलं 'नको' बाईंनी घासाबरोबर गिळून टाकलं. "येते!"

वरुणने आनंदाने भर रस्त्यात शिट्टी मारली. अनघाच्याच चेहऱ्यावर काळजी. "पण उद्या म्हणजे फारच घाई होईल हो. तुम्हाला बॅग भरायची, तयारी करायची..."

"बॅग भरलेलीच आहे गं," संजीवनीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "तू दुसऱ्यांदा विचारशील म्हणून, तुम्ही निघायच्या आधीच भरून ठेवली होती."