नव्या गोळ्यांचा निकाल

१९५७चा हिवाळा. वर्ध्याच्या एका दवाखान्यात पिपरीच्या गोपिकेचा नवरा आणि कारंज्याच्या कुंताबाईचा भाऊ शेजारशेजारच्या खाटांवर होते. दोघांनाही रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरांना परदेशातून आलेल्या नव्या गोळ्या पारखून पाहायच्या होत्या, म्हणून त्यांनी गोपिकेच्या नवऱ्याला त्या सुरू केल्या आणि कुंताबाईच्या भावाला जुनंच औषध ठेवलं.

कुंताबाईनं आदल्या वर्षी धम्मदीक्षा घेतली होती. दवाखान्यामागे दोघींच्या चुली सुरुवातीला लांब लांब होत्या. थंडी वाढली तशी एकच चूल उरली, आणि तिच्यावरची भाकर दोघी मोडून खाऊ लागल्या.

होळीच्या सुमारास डॉक्टर खाटांपाशी आले. "दोघांत काडीचा फरक नाही," ते म्हणाले. "या नव्या गोळ्यांत काही दम नाही. उद्यापासून बंद."

दोघी चुलीपाशी येऊन बसल्या. गोपिकेनं विझत आलेलं लाकूड आत सारलं.

"मंग उद्यापासून तुमच्या भावाले अर्धी गोळी कुठून देऊ वो, कुंताबाई?"