सिदूआबाचा कोयता

"अडुसष्ट," मुंजाजी मुकादमानं भोंग्यावरून हाळी दिली आणि लखननं घड्याळात पाहिलं.

ऊन नुकतं कलायला लागलं होतं. तेलगावच्या शिवारातल्या त्याच्या दोन एकर उसाभोवती ही एवढी माणसं जमली होती. कुणी ट्रॉलीवर चढलेलं, कुणी बांधावर मोबाइल उंच धरून उभं. हलगी थांबायचं नाव घेत नव्हती. फडात सात जोड्या ऊस तोडत होत्या, पण सगळ्यांचे डोळे एकाच जोडीवर खिळलेले. दिंद्रुडचा शहादेव आणि त्याची बायको वनमाला. लग्नाला दोन वर्षं झालेली, अंगात नुसती वीज.

बापाच्या नावानं सिदूआबा स्मृती ऊसतोड स्पर्धा भरवायची ही लखनचीच कल्पना. आबाला जाऊन वर्ष झालं तेव्हा भावकी म्हणाली, कीर्तन ठेव. लखन म्हणाला, ज्या माणसानं वीस वर्षं कारखान्यावर हाडं झिजवली, त्याची आठवण फडातच निघाली पाहिजे. मास्तर माणूस तो, मनात आलं की करूनच दाखवायचा. फडाच्या तोंडाशी त्यानं फळा उभा केला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: सिदूआबाचा कोयता, एका दिवसात एकशे चार मोळ्या. आजवर अजिंक्य.

आता कोयता म्हणजे इथं नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं पाचट काढून मोळी बांधायची. एका कोयत्याच्या दिवसाला साठ-सत्तर मोळ्या झाल्या तरी माणसं खूश असतात. एकशे चार म्हणजे खायचं काम नाही. तो आकडा लखन शाळेतल्या पोरांनाही सांगायचा, पोरं तोंडाचा आ करून ऐकायची.

खरं तर त्यानं आबाला फडात कधी पाहिलंच नव्हतं. दिवाळी झाली की आय-आबा ट्रकमधून कारखान्यावर जायचे आणि तो आजीपाशी राहून शाळा शिकायचा. उन्हाळ्यात आबा परत यायचा तो कंबर धरूनच. "उसानं वाकवलं रं बाबा," एवढंच म्हणायचा आणि हसायचा. ते हसणं आठवलं की लखनला अजून भरून येई.

सकाळी आबाच्या, म्हणजे मुंजाजीच्या टोळीतली जुनी माणसं आबाविषयी बोलली होती. भिवराबाई म्हणाली, "सिदूभाऊ सगळ्याच्या आधी उठायचा. आमी डोळे चोळीत बाहेर यायचो तवर त्याचं अर्धं काम उरकलेलं. थंडी न्हाई, ताप न्हाई." म्हातारा परमेश्वर म्हणाला, "त्यो होता म्हून टोळी टिकली. एक दिस त्यानं कुणाला उपाशी निजू दिलं न्हाई." लखन सगळ्यांदेखत रडला होता, आणि त्याची त्याला लाजही वाटली नव्हती.

"एकोणनव्वद."

मांडवात खुर्चीवर बसलेली त्याची आय, साखराबाई, मघापासून चुळबुळत होती. "त्ये पोरगं लई वरून तोडायलंय," ती पुटपुटली. "गोडी बुडख्यात आसती, आन् त्यो तितंच सोडायलाय."

"आबासंगं राहून तू बी पक्की झालीस की, आय."

साखराबाईनं खुर्ची जरा पुढं ओढली. मग पोराच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कावून जीव टांगणीला लावायलास? तोडायलीत पोरं तर तोडू दे. कौतुक कर त्यायचं."

"आय, फळा मी लावला. आज ह्यायनी आकडा मोडला तर आबाचं नाव मलाच पुसावं लागंल. आबा जाऊन वरीसच झालंय, आन् मीच पुसायचं का?"

आयनं पदर खोचला, पुन्हा सोडला, आणि फडाकडे बघत राहिली.

शंभर झाल्या तेव्हा बांधावरची पोरं नाचायला लागली. शहादेवच्या कोयत्याची धार जावो, असं पाप लखनच्या मनात येऊन गेलं. एकशे चारला हलगी एकदम थांबली, सगळ्यांनी लखनकडे पाहिलं, आणि तो उगाच हसला.

दिवस मावळला. मुंजाजीनं शहादेव-वनमालाच्या मोळ्या एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एकशे सहा."

जो तो त्या जोडीकडे धावला. गुलाल उडाला. लखननं दोघांना हार घातले, तोंडभरून शाबासकी दिली, आणि डस्टर घेऊन फळ्याकडे गेला. अक्षरं त्याला धड दिसत नव्हती.

मुंजाजीनं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे, मास्तर. आकडा मोडला न्हाई."

"काका, तुमीच मोजल्यात की."

"मोजल्यात. कोयता म्हंजी माणसं किती?"

"दोन."

"मंग ह्या एकशे सहा दोघायच्या झाल्या."

साखराबाई मांडवातून उठून आली होती. "मुकादम," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी शब्द दिलता."

"सिदूला दिलता, वैनी. त्यो होता तवर पाळला." मुंजाजीनं लखनच्या हातातलं डस्टर काढून घेतलं. "मास्तर, त्या एकशे चार तुज्या आयनं एकटीनं तोडल्या आन् बांधल्यात. तुजा बाप पयल्याच साली मोळी पडून कमरंतून गेलता. तितून पुढं वीस वर्सं त्यो पाचटाच्या कोपीत बसून अख्ख्या टोळीच्या भाकरी थापायचा."