कासविणीची ओटी

विहिरीचं पाणी साफ राहावं म्हणून सासूबाईंच्या लग्नाच्या वर्षी कुणीतरी तिच्यात एक कासवीण आणून सोडली होती. मागं त्या कासविणीचं रक्त तपासायला घेऊन गेलेल्या वनखात्याच्या मॅडम आज जीप घेऊन आमच्या गावी, साखऱ्यात आल्या. म्हणाल्या, "ही तापीतली आहे. इथल्या कासवांचा वाण वेगळा, त्यांच्यात हिला सोडता येणार नाही. तिच्या नदीत गेली तरच तिची वीण पुढं चालेल."

"इतकी वर्षं राह्यली, तरी इथली न्हाई झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आजी. रक्त तिकडचंच राहतं."

सासूबाईंनी टोपलीतल्या कासविणीची खण-नारळानं ओटी भरली.

माझं माहेर तापीकाठचंच. बाळंतपणही इथंच झालं, त्यामुळे आईनं नात अजून पाहिलेली नाही. जीपमध्ये जागा होती. लेकीला कडेवर घेऊन मी सासूबाईंना भीतभीत विचारलं, "आत्याबाई, मॅडमसंग मी जाऊन येऊ?"

"काहून? तुझं काय राह्यलं तिकडं? बाईमाणूस एकदा आलं की इथलंच."

मी मागं सरले. सासूबाई टोपलीवर वाकल्या, कासविणीच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या,

 

"तू तरी जाय, माय."