सतरावं कलम

चीनमधल्या एका प्रांताच्या सुभेदारांनी परदेशी बँकेच्या रेल्वेकर्जाच्या करारावर उमटवायला शिक्का उचलला, तोच दुभाषा फान उठून उभा राहिला. "सरकार, सतरावं कलम वाचायचं राहिलंय."

"ते किरकोळ आहे," परदेशी वकिलातीतला अधिकारी दटावत म्हणाला. फानला पगार वकिलातच देत होती. तरी त्याने ते चिनी भाषेत खणखणीत वाचलं. "कर्ज फिटेपर्यंत इंजिनिअर, मार्ग आणि भाडं बँकच ठरवील."

सुभेदारांनी शिक्का खाली ठेवला. "डोंगर आमचे, हमाली आमची आणि मर्जी तुमची?"

फानची नोकरी तिथल्या तिथे गेली. आठवड्याने तो डोंगरात रेल्वेमार्ग आखणाऱ्या चिनी इंजिनिअरच्या राहुटीवर पोचला. "मला मोजणीची साखळी धरायला शिकवा."

"सुभेदारांनी कर्ज नाकारलंय. आता लोकवर्गणीत वर्षाला जेमतेम चार मैल रूळ पडतील," इंजिनिअर म्हणाला.

"पडू देत चार मैल! आपले तर असतील," म्हणत फानने साखळी उचलली.