दारापाशीची झोप

“गेनूकाका, गादी म्हणते, तुम्ही महिनाभर खोलीत झोपलाच नाहीत,” बेघरांना खोल्या देणाऱ्या संस्थेची रेवती म्हणाली.

गादीतल्या पट्टीला झोपणाऱ्याचे श्वास कळत. माणूस पुन्हा रस्त्यावर गेला नाही हे तिने दाखवलं, तरच खोल्यांसाठी पैसे घातलेल्या गुंतवणूकदारांना सरकार ते परत करी आणि खोली टिके.

“चुगलखोर आहे. मी फरशीवर झोपतो, दारापाशी,” अर्धं आयुष्य फुटपाथवर काढलेले काका म्हणाले. “पलंगावरून पडेन असं वाटतं.”

“मग खोली जाईल, काका.”

“झोप काय ठरवून लागते?”

रेवतीने गादीतली पातळ पट्टी काढून दाराजवळच्या सतरंजीखाली सरकवली. काका चपला उशाशी घेऊन आडवे झाले. थोड्या वेळाने सतरंजीबाहेर राहिलेला पट्टीचा दिवा हिरवा झाला. “नोंद झाली, काका,” रेवती म्हणाली.

“बघ, तिलाही फरशीच मानवली,” काका डोळे मिटूनच म्हणाले.